जुन्या पेठेसाठी काही करायचंय? आधी एक गल्ली धरा

"आमच्या गावची पेठ ओस पडत चाललीय, एखादा फेस्टिव्हल घेऊया का?" असं विचारणारा फोन दिवाळी आटोपली की हमखास येतो. कधी सातारा-सांगलीकडून, कधी पुण्यातल्याच एखाद्या उत्साही मुलाचा. तो राहतो कोथरूडला, आजोबा राहायचे शनिवार पेठेत. माझं उत्तर ठरलेलं आहे : घ्या, पण तिसऱ्या वर्षी. आधीच्या दोन वर्षांत काय करायचं, ते दरवेळी फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत, कारण माझ्या चपला तिथे झिजल्या. पद्धत कुठल्याही जुन्या बाजारपेठेत चालेल.

पहिलं पाऊल : चाला आणि मोजा

"पेठ वाचवायची" म्हणणारा महिन्याभरात दमतो. पेठ म्हणजे शेकडो दुकानं, वाडे, त्यांचे वारस, त्यांची भांडणं. त्यापेक्षा दोन चौकांमधला एक तुकडा धरा, तीस-चाळीस दुकानं आणि त्यांच्यावर राहणारी घरं एवढाच. मग एक वही घ्या आणि त्या तुकड्यात दिवसातून तीनदा जा. सकाळी शटर वर जायच्या आधी, संध्याकाळी सहाच्या गर्दीत आणि रात्री साडेनऊला. तिसरी फेरी सगळे टाळतात, आणि तीच महत्त्वाची असते.

रात्री मान वर करून चाला. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा खालची दुकानं दिवसभर व्यवस्थित चाललेली होती, पण वरच्या मजल्यांवर दिवा लागलेली घरं दोन हातांच्या बोटांवर मोजता आली. बाकीच्या खोल्यांत कुलूप, नाहीतर खोक्यांची थप्पी. पेठ ओस पडली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. बाजार जिवंत असतो, राहती माणसं उपनगरात गेलेली असतात. मग आठनंतर गल्लीत कुत्री आणि पार्किंग एवढंच उरतं. तुमच्या गल्लीत उलटंही असेल, म्हणजे घरं भरलेली आणि दुकानं बंद. दोन्हींचं औषध वेगळं आहे, म्हणून आधी मोजा.

वहीत आणखी काय लिहायचं? बंद शटर किती आणि कधीपासून. बसायला ओटा, पार, कट्टा कुठे आहे. पिण्याचं पाणी कुठे मिळतं. बायकांसाठी स्वच्छतागृह किती पावलांवर आहे (हा आकडा वाचून बऱ्याच बैठका गप्प होतात). आणि गाड्या. गाड्यांसाठी एक सोपी युक्ती सांगतो. सकाळी अकराला रस्त्याकडेला लावलेल्या दुचाक्यांच्या नंबरांतले शेवटचे चार आकडे लिहा, दुपारी चारला परत लिहा. जे आकडे दोन्ही यादींत असतील त्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नाहीत. त्या दुकानदारांच्या आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्यांच्या आहेत. "पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही" हे वाक्य तुम्हाला पुढे शंभर वेळा ऐकवलं जाईल. तेव्हा ही यादी जवळ असू द्या. लगेच तोंडावर फेकू नका, नुसती जवळ असू द्या.

दुसरं पाऊल : माणसं

दुकानात भवानी व्हायच्या आधी पाऊल टाकू नका. सकाळची पहिली विक्री झाली नसेल आणि तुम्ही पत्रक घेऊन उभे राहिलात, तर पुढची दोन वर्षं त्या दुकानात तुमची ओळख "तो वर्गणीवाला" अशीच राहील. दुपारचा निवांत वेळ गाठा. पुण्यात दुपारी शटर अर्ध्यावर असेल, तर खाली वाकून "आहात का?" असं विचारायलाही हरकत नाही. जमलं तर काहीतरी विकत घ्या. "धंदा कसा आहे?" असं विचारलंत तर "चाललंय" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा "दुकान कुणी सुरू केलं?" हे विचारा. मग वडिलांचा फोटो दाखवला जातो, चहा येतो आणि गल्लीचा इतिहास आपसूक सुरू होतो.

कारागिरांकडे गेलात तर थांबायची तयारी ठेवा. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चालतं, म्हणजे हातोडीचे सारखे ठोके देत अख्ख्या पृष्ठभागावर बारीक खळ्यांची नक्षी उठवत जायची. एका हाताने भांडं फिरत असतं, दुसऱ्या हाताची लय ठरलेली. मध्येच प्रश्न विचारला तर एक ठोका वाकडा पडतो आणि तो भांड्यावर कायमचा दिसतो. म्हणून भांडं खाली ठेवेपर्यंत गप्प उभं राहायचं. बुरूड आळीत, कुंभारवाड्यातही हाच शिष्टाचार.

भेटायच्या माणसांची यादी करा : व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, वाड्यांचे मालक, जुने भाडेकरू, पथारीवाले, हमाल, झाडलोट करणारे कर्मचारी. शेवटच्या तिघांना सगळेच विसरतात. गल्लीत पाणी कुठे तुंबतं, कचरा रात्री कोण आणून टाकतं, कुठल्या चौकात अंधार असतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पथारीवाल्यांबद्दल तर "आधी यांना हटवा" हा ठराव पहिल्याच बैठकीत येईल. तेव्हा शांतपणे सांगा, की २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य त्यांचेच असावे लागतात. त्यांना वगळून केलेली योजना कागदावरच राहते. आणि खरं सांगायचं तर, तुळशीबागेतून पथारीवाले काढले तर तिथे जायचं कशाला?

आता गणेश मंडळ. नवे लोक उत्साहात नवीन "फोरम" काढतात, त्याचा लोगो करण्यात महिना घालवतात. मंडळाकडे सगळं आधीच तयार असतं : हाक मारली की येणारी तीस पोरं, मांडववाल्याचा नंबर, पोलीस चौकीत ओळख, पावतीपुस्तक, जाहिरातींसह छापला जाणारा वार्षिक अहवाल आणि दहा दिवस गर्दी सांभाळण्याचा पिढ्यांचा सराव. त्यांच्या मागे उभं राहा. फ्लेक्सवर त्यांचं नाव तुमच्यापेक्षा मोठं असेल, ते चालवून घ्या. एका गल्लीत दोन मंडळं असतील तर मात्र दोघांना एकाच दिवशी भेटा. सकाळी एकाला आणि आठवड्याने दुसऱ्याला भेटलात, तर तुम्ही कुणाचे हे ठरून गेलेलं असेल.

तिसरं पाऊल : डोळ्यांना दिसेल असं एक काम

बैठका तीन झाल्या की काहीतरी घडलेलं दिसायला हवं. काम लहान असावं. बंद पडलेला दिवा सुरू करणं, लोंबकळणारे केबलचे झुबके आवरून घेणं, पाराच्या फरशा बसवणं, एखाद्या स्वच्छतागृहाचं दार आणि कडी दुरुस्त करणं. मला विचाराल तर कडीपासून सुरुवात करा. गल्लीत खरेदीला येणारी बाई अर्धा तास जास्त थांबली, तर त्याचं श्रेय कुठल्याही भित्तिचित्रापेक्षा त्या कडीला जाईल.

दुसरं चांगलं काम दुकानांच्या पाट्यांचं. मुंबईत फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी रस्त्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी हे हाती घेतलं. एकोणिसाव्या शतकातल्या दगडी इमारतींच्या कमानी पाट्यांनी झाकून गेल्या होत्या. पाटी कमानीच्या आत, ठरलेल्या मापात आणि शिल्प न झाकता बसवायची, असं तिथल्या दुकानदारांना आणि कार्यालयांना पटवलं गेलं. पुढे तिथल्याच लोकांनी 'हेरिटेज माइल' नावाची संघटना केली. पाटी बदलायचा खर्च दुकानदार करतो आणि फरक अख्ख्या रस्त्याला दिसतो, म्हणून छोट्या गावासाठी हा धडा मोलाचा. शिवाय २०२२ पासून मराठी पाटी ठळक आणि इतर भाषेपेक्षा लहान अक्षरात नसावी असा नियम सगळ्या दुकानांना लागू आहे. पाटी बदलायचीच असेल, तर गल्लीने मिळून एकाच पेंटरला बोलवावं. हातानं अक्षरं काढणारे पेंटर अजून आहेत, आणि फ्लेक्सपेक्षा त्यांचं काम पावसात जास्त टिकतं.

चौथं पाऊल : गल्ली दाखवा

फेरफटका, म्हणजे ज्याला आता सगळेच हेरिटेज वॉक म्हणतात, हा स्वस्त आणि मस्त प्रकार आहे. पुण्यात शनिवारवाडा ते विश्रामबागवाडा हा मार्ग रुळलेला आहे. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या वाड्यापासून दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधलेल्या वाड्यापर्यंत, म्हणजे चालत वीस मिनिटांत पेशवाईतली पाऊणशे वर्षं. वाटेत थांबला नाहीत तर. पण थांबायचंच असतं.

तुमच्या फेरीत इमारतींची जंत्री नको. एक उदाहरण देतो. मंडईची अष्टकोनी मनोरा असलेली इमारत १८८६ मध्ये सुरू झाली, गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर घालावा असं त्यांचं म्हणणं. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई आहे. एवढं सांगून गप्प बसा आणि लोकांना भाजीच्या गाळ्यांमधून फिरू द्या. गल्लीतली नावंही राहू द्या त्यांच्या तोंडी : पासोड्या विठोबा, डुल्या मारुती, जिलब्या मारुती, सोन्या मारुती. प्रत्येक नावामागे दोन-तीन कथा आहेत आणि कुठली खरी यावर ओट्यावर बसलेल्या आजोबांचं एकमत नसतं. त्यांना बोलू द्या.

बाकी नियम थोडेच. पंधरा माणसं, त्याहून जास्त नकोत. हातात माइक नको. वाड्यात शिरण्याआधी आदल्या दिवशी परवानगी, आणि शिरताना चपला बाहेर. गल्लीतलं कुणी गोष्ट सांगणार असेल तर त्यांना मानधन द्या. "आपल्याच गल्लीसाठी आहे" म्हणून फुकटात उरकणं मला पटत नाही. आणि फेरीचा शेवट गल्लीतल्याच हॉटेलात मिसळीवर करा, म्हणजे हिशेब गल्लीतच राहतो.

परवानग्या

इथे फार रमायचं कारण नाही, पण चुकलात तर सगळं अडतं. रस्त्यावर काहीही करायचं असेल तर क्षेत्रीय कार्यालय, स्थानिक पोलीस ठाणं आणि वाहतूक शाखा, तिघांकडे स्वतंत्र अर्ज. मांडव असेल तर अग्निशमन दलही. अर्ज निदान महिनाभर आधी द्या, आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. त्या शिक्क्याशिवाय तुमचा अर्ज आलाच नव्हता असं समजा. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो, आणि जुन्या पेठेत कुठूनही शंभर मीटरवर एखादी शाळा निघतेच. आडव्या रस्त्यावरून अग्निशमनाची गाडी आत येऊ शकते का, ते प्रत्यक्ष टेप लावून बघा.

एक दिवस गाड्या बंद

पुणे महापालिका २०२१ पासून दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा गरुड गणपती चौकाकडचा पट्टा वाहनांना बंद असतो. एरवी ज्या रस्त्यावर फुटपाथवरून उतरलं की आरसा कोपराला लागतो, तिथे मधोमध उभं राहून दोन्ही बाजूंच्या इमारती पहिल्यांदा नीट दिसतात. लहान मुलं खडूने रस्त्यावर चित्रं काढतात. मला आवडतो तो दिवस. पण वर्षातून एकदाच असल्यामुळे तो सणासारखा येतो आणि जातो, सवय लागत नाही. तुमच्या गल्लीत महिन्यातून एका सकाळी दोन तास गाड्या थांबवता आल्या, तर त्याचा उपयोग जास्त.

दिवस निवडताना आम्ही केलेली चूक करू नका. आमचा पहिला कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी ठेवला होता. शाळेच्या मुलांचं गाणं, चौकात छोटा मांडव. महिना लग्नसराईचा, आणि मांडवाची पाठ नेमकी एका कापड दुकानाच्या शोकेसला लागली. दुकानदार काही बोलला नाही. त्याने खुर्ची बाहेर टाकली आणि मांडवाच्या कापडाकडे तोंड करून चार तास बसला. बोलला तो मंगळवारी, संघटनेच्या बैठकीत. पुढे आठ महिने आम्हाला त्या बैठकीचं बोलावणं आलं नाही. आता आम्ही तारीख ठरवायच्या आधी दुकानांच्या साप्ताहिक सुट्टीचा, लग्नाच्या मुहूर्तांचा आणि परीक्षांचा असे तीन कागद समोर ठेवतो.

पुण्यात आणखी एक गोष्ट हाताशी आली आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानकं सुरू आहेत. आमंत्रणावर "गाडी आणू नका, मंडई स्थानकावर उतरा" असं छापता येतं. तुमच्या गावात मेट्रो नसेल, पण एस.टी. स्टँड बहुधा पेठेपासून हाकेच्या अंतरावर असतो. तेच छापा.

पैसे कुठून

पहिलं वर्ष वर्गणीवर निघतं. दुसऱ्या वर्षी नोंदणी करा. सात माणसं असली की संस्था नोंदवता येते, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. वकील परिचयाचा घ्या, वेळ लागतो. दर तीन महिन्यांनी हिशेब गल्लीतल्या फलकावर लावा, अगदी चहाच्या बिलासकट.

मोठ्या प्रमाणावर काय होऊ शकतं हे बघायचं तर मुंबईतला काळा घोडा परिसर. ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून हे नाव पडलं तो १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला, तरी नाव जागेलाच चिकटून राहिलं. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, यावेळी स्वाराशिवाय. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने १९९९ पासून महोत्सव भरवला. प्रवेश विनामूल्य, आणि उभा राहणारा पैसा त्या भागातल्या वास्तूंच्या डागडुजीकडे वळवायचा, ही मूळ कल्पना. फोर्टमधल्या मुळजी जेठा कारंज्याचं काम याच असोसिएशनच्या पुढाकाराने झालं. महोत्सव एवढा मोठा झाला, की आता तिथे शनिवारी चालताना खांद्याला खांदा लागतो आणि कारंज्याची आठवण फार थोड्यांना येते. पण पैशाची वाट सुरुवातीलाच ठरवली होती, हे महत्त्वाचं. तुम्हीही ठरवा : कार्यक्रमातून उरलेला रुपया कुठल्या फरशीवर, कुठल्या दारावर जाणार?

वरचे मजले

हे काम सगळ्यांत अवघड, आणि नवख्यांनी एकट्याने हात घालू नये असं. वाड्यात जुने भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर राहतात. एवढ्या भाड्यात मालकाला कौलं बदलणंही परवडत नाही. भाडेकरूही दुरुस्ती करत नाही, कारण घर त्याचं नाही. मालक म्हणजे कधी कधी चार शहरांत विखुरलेले बारा वारस. मग एका पावसाळ्यात भिंत पडते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे पार्किंगसकट सहा मजली इमारत उभी असते. या साखळीत तुम्ही एवढंच करू शकता : मालक आणि भाडेकरू यांना एकदा एकत्र चहाला बसवा आणि छपराच्या दुरुस्तीचा खर्च कुणी किती उचलायचा एवढ्या एकाच प्रश्नावर बोलायला लावा. मालकीचा विषय निघाला की चहा संपवून उठा. रिकाम्या खोल्यांत विद्यार्थी, एखादी शिकवणी, शिवणकामाचा वर्ग किंवा छोटं कार्यालय आलं, तरी रात्री एक दिवा वाढतो.

आणि मग तिसऱ्या वर्षीचा उत्सव

बाहेरून आणलेला बँड आणि फूड स्टॉल यांच्या आधी गल्लीत काय आहे ते शोधा. नाशिकच्या जुन्या भागात रस्त्याखाली पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे मोठे हौद आहेत. वर्षभर त्या लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेल्या, वरून गाड्या जातात. रंगपंचमीला त्या उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि लोक वरून धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला. असा प्रकार कुठलीही इव्हेंट कंपनी बनवून देऊ शकत नाही. तुमच्या गल्लीत रहाड नसेल, पण बंद पडलेली व्याख्यानमाला असेल, तालीम असेल, दर श्रावणात होणारा एखादा सप्ताह असेल. त्यालाच थोडा उजेड द्या.

गर्दी यायला लागली की राहणाऱ्यांचा त्रास सुरू होतो, याची तयारी ठेवा. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये रंगीत घरांसमोर फोटो काढणाऱ्यांची इतकी रीघ लागली, की रहिवाशांना दारांवर "फोटो काढू नका" अशा पाट्या लावाव्या लागल्या. म्हणून कार्यक्रमपत्रिकेवर मोठ्या अक्षरात दोन गोष्टी छापा : उंबऱ्याच्या आत कॅमेरा नको, आणि रात्री साडेनऊला सगळं बंद.

कार्यक्रमाच्या रात्री झोपायला उशीर होईल, तरी सकाळी शटर वर जायच्या आत गल्ली झाडून, पायऱ्या धुऊन झालेल्या हव्यात. तोरणाची सुतळी खांबावर लोंबत राहिली तर ती पुढचे सहा महिने तुमच्या नावाने लोंबते. एका महिन्याने तीच वही काढा, रात्री साडेनऊची फेरी मारा आणि वरचे दिवे परत मोजा.